पितळी बिल्ला ते ऑटोपे: रोडसाइड क्लबच्या वर्गणीची गोष्ट

ज्यांना लोकलमध्ये नेट मिळत नाही, ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, किंवा ज्यांना माझा आवाजच आवडत नाही (असे दोन मेसेज आलेत, नोंद घेतलीय), त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतोय. बोलताना वाहवत गेलो होतो तिथे थोडी कात्री लावलीय. बाकी तसंच.

तर झालं असं. जुलैमधला शनिवार, पाऊस धो धो. मी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, शेजारी पप्पा. खंडाळा मागे पडलं. साताऱ्याचं खंडाळा बरं का, लोणावळ्याचं नव्हे. खंबाटकी घाट चढायला लागलो आणि निम्म्यात क्लच गेला. पेडल दाबलं ते खालीच राहिलं. मागे ट्रक, त्याच्या मागे दुसरा ट्रक, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. मी हॅझर्ड लाइट लावून बसलो. काय करायचं असतं ते सगळं माहीत असून काहीच सुचत नाही, तसं.

पप्पा शांत. म्हणाले, "आरं, तू ती मेंबरशिप घेतलीया ना गाडीची? लाव की फोन."

घेतली होती. पहिल्या वर्षी मीच कौतुकाने त्यांना ॲप दाखवलं होतं. रस्त्यात गाडी बंद पडली की एक बटण दाबायचं, माणूस येतो. फोन लावला. गाडीचा नंबर सांगितला. पलीकडची मुलगी एकदम नम्रपणे म्हणाली, "सर, आपली मेंबरशिप मे महिन्यात एक्सपायर झालेली आहे."

"ऑटोपे आहे हो."

"हो सर, पण पेमेंट फेल झालेलं दिसतंय."

आत्ता भरतो म्हटलं, तर नवीन मेंबरशिपची सर्व्हिस दोन दिवसांनी सुरू होणार. नियम आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक निम्मी माझीच आहे, ते पुढे येईलच. शेवटी हायवेच्या १०३३ ला फोन केला. त्यांच्या क्रेनने गाडी वाटेतून बाजूला घेतली, आणि तिथून सुरूरच्या गॅरेजपर्यंत नेणाऱ्या टोइंगवाल्याने साडेतीन हजार घेतले. तो काही लुबाडत नव्हता. पावसात घाट चढून आला होता बिचारा.

गॅरेजमध्ये चहा पिताना पप्पांनी एकच प्रश्न विचारला. पप्पा एसटी डेपोत लेखनिक होते, आयुष्य पावत्यांमध्ये गेलं. ते म्हणाले, "पैसं भरलं का न्हाई, ह्ये तुलाच म्हाईत न्हाई?"

मला उत्तर देता येईना. आणि गंमत म्हणजे मी कामावर नेमकं तेच करतो. आमची टीम सबस्क्रिप्शनच्या पेमेंटचा कोड लिहिते. पैसे कापायचे, नाही कापले गेले तर पुन्हा प्रयत्न करायचा, तीनदा जमलं नाही तर खातं बंद करायचं. तो 'तीनदा'चा नियम असलेली फाइल माझ्या हातची आहे.

म्हणून म्हटलं, हे आलं कुठून ते बघू. रस्त्यावर मदत करणाऱ्या क्लबला लोक वर्गणी कशी भरत आले, त्याचा इतिहास. विषय ऐकायला रटाळ आहे, मान्य. पण पाच मिनिटं थांबा, यात पोलीस आहेत, कोर्ट आहे आणि आइस्क्रीमसुद्धा आहे.

गोष्ट सुरू होते १९०५ मध्ये, लंडनला. इंग्लंडमध्ये त्याआधी १९०३ चा मोटार कायदा झाला होता. त्याने गाड्यांना नंबर प्लेट आली आणि वेगाची मर्यादा झाली ताशी २० मैल, म्हणजे आपल्या हिशोबाने ३२ किलोमीटर. आज डेक्कनला रिक्षा याहून जोरात जाते. पण पोलीस या मर्यादेवर फार कडक. रस्त्याचा एक तुकडा मोजून ठेवायचा, दोन टोकांना झुडपात माणसं बसवायची, हातात स्टॉपवॉच. गाडी इतक्या सेकंदांत इथून तिथे गेली की दंड. मोटारवाले चिडले. काही जणांनी मिळून सायकलवर माणसं ठेवली, पुढे सापळा असेल तर येणाऱ्या गाडीला सावध करायचं एवढंच काम. ब्रायटनच्या रस्त्यापासून हे सुरू झालं, आणि २९ जून १९०५ ला लंडनच्या ट्रॉकाडेरो रेस्टॉरंटमध्ये बैठक होऊन ऑटोमोबाइल असोसिएशन जन्माला आली. सगळे तिला एए म्हणतात, मीही तेच म्हणतो.

लक्षात घ्या, रस्त्यावरची मदत वगैरे नंतर आली. सुरुवातीला लोक वर्गणी भरत होते ती पोलिसांपासून वाचायला.

तिच्याआधीही एक क्लब होता. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी काढलेला, जो पुढे १९०७ मध्ये राजाच्या मेहेरबानीने रॉयल ऑटोमोबाइल क्लब झाला. तो बड्या लोकांचा, आलिशान खुर्च्या असलेला क्लब. एए त्या मानाने रस्त्यावरचा.

आता वर्गणी. गाडीवाल्याला वर्षाला दोन गिनी. इथे मी अडकलो, कारण गिनी नावाचं नाणं इंग्लंडने १८१४ नंतर पाडलंच नव्हतं! आपल्याकडे गिनी म्हटलं की सराफाकडचं सोन्याचं नाणं आठवतं. पण तिकडे १९०५ मध्ये गिनी म्हणजे फक्त हिशोबातला आकडा होता. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, एक पौंड आणि वर एक शिलिंग. डॉक्टर, वकील, चित्रकार आणि क्लब यांचे पैसे गिनीत सांगायची पद्धत होती. पौंडात बोलला तो दुकानदार, गिनीत बोलला तो सभ्य गृहस्थ. म्हणजे जे नाणं अस्तित्वात नाही त्यात किंमत सांगायची, आणि भरायचे प्रत्यक्षात ४२ शिलिंग. गेममधली नाणी विकत घेणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी उगाच हसत होतो.

भरायचे कसे? बँकेत खातं असेल तर चेक लिहून, पाकिटात घालून, सेक्रेटरीच्या नावे पोस्टात टाकायचा. खातं नसलेल्यांसाठी १८८१ पासून पोस्टल ऑर्डर होती. पण मोटार असलेल्या माणसाकडे त्या काळी चेकबुक असायचंच. वर्ष संपलं की पत्र यायचं, वर्गणी पाठवा. पाठवली तर पुढे चालू.

म्हणजे दरवर्षी एकदा माणसाला ठरवावं लागायचं. टेबलाशी बसून, पेन घेऊन, आकडा लिहून सही करावी लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पैसे पोचले की बदल्यात काय यायचं? बिल्ला. धातूचा, गाडीच्या पुढच्या बाजूला लावायचा. सुरुवातीच्या बिल्ल्यांवर तर सेक्रेटरी स्टेन्सन कुक यांची सहीच उमटवलेली असायची. हे कुक १९०५ पासून १९४२ पर्यंत सेक्रेटरी होते, ३७ वर्षं! रस्त्यावरच्या सायकलवाल्याकडे ना फोन, ना यादी. समोरून गाडी येतेय, हा माणूस आपला सभासद आहे का, हे ठरवायला त्याच्याकडे दोन सेकंद आणि एकच पुरावा, तो बिल्ला. बिल्ला दिसला की सलाम ठोकायचा.

माझ्यासारख्याला हे बघून हसू येतं आणि कौतुकही वाटतं. हे ॲक्सेस टोकन आहे की! सर्व्हरला न विचारता तिथल्या तिथे ओळख पटते. पण टोकनाची जी अडचण असते तीच इथेही. समजा मी यंदा वर्गणी भरली नाही. बिल्ला तर अजून गाडीवर चमकतोय. सायकलवाला बिचारा सलाम करतच राहणार. म्हणून एएने नियम केला की बिल्ला क्लबच्या मालकीचा, तुम्हाला फक्त वापरायला दिलाय, सभासदत्व सोडलं की परत करा. वर प्रत्येक बिल्ल्याला नंबर. तरीही लोक परत करायचे नाहीत, आणि क्लबला ते वसूल करायच्या मागे लागावं लागायचं. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात एएचे इतके बिल्ले मिळतात, त्यातले किती जणांनी नियमाने ठेवले असतील देव जाणे.

आता कोर्ट. सायकलवाले गाड्यांना सावध करतात हे पोलिसांना पटेना. एका गस्तीवाल्यावर खटला झाला, बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स. १९१० च्या निकालसंग्रहात तो आहे. कोर्टाने म्हटलं, जो आधीच मर्यादेबाहेर वेगाने चाललाय त्याला 'पुढे सापळा आहे' असं सांगणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. झालं, धंदा बंद व्हायची वेळ.

यावर एएने काढलेला तोडगा म्हणजे कमाल आहे. त्यांनी उलटं केलं. एरवी बिल्ला दिसला की गस्तीवाला सलाम करणारच. पण पुढे सापळा असेल तर सलाम करायचा नाही. सभासदांना सांगून ठेवलं, गस्तीवाल्याने सलाम केला नाही तर थांबा आणि का नाही केला ते विचारा. आता कुठलं कोर्ट एखाद्याला 'तू सलाम का नाही केलास' म्हणून शिक्षा करणार? हा प्रकार काही दशकं चालला. सलाम करायची पद्धतच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली.

यातली मजा बघा. ज्याने वर्गणी भरली नाही त्यालाही सलाम मिळत नाही. पण त्याला त्या न मिळण्याचा काही अर्थ लागत नाही. पैसे भरलेल्या माणसालाच त्या गप्प बसण्यातून बातमी कळते. आणि तो सलाम रोजची पावतीच होती. निघालात, कोपऱ्यावर माणसाने सलाम केला, म्हणजे आपलं खातं चालू आहे. माझ्या ॲपने दोन महिने मला सलाम केला नव्हता, आणि मला थांबून विचारायचं सुचलं नाही.

१९१२ च्या सुमारास रस्त्याकडेला एएच्या लाकडी चौक्या उभ्या राहायला लागल्या, पुढे त्यांत टेलिफोन आले. सभासदाला किल्ली मिळायची. गाडी बंद पडली की चालत चौकीपर्यंत जायचं, कुलूप उघडायचं, फोन करायचा. वर्गणीची पावती आता खिशात खुळखुळायला लागली. १९३९ पर्यंत एएचे सभासद सव्वासात लाखांच्या घरात गेले होते. एवढ्या लोकांना दरवर्षी पत्र लिहायचं, एवढे चेक उघडायचे, एवढ्या कार्डांवर नोंदी करायच्या, आणि कॉम्प्युटर नाही. पप्पांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, "कारकून किती आसतील?" त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं.

इंग्लंडबाहेरचं थोडं सांगतो. अमेरिकेत ४ मार्च १९०२ ला शिकागोत नऊ क्लब एकत्र आले आणि अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन झाली, तेव्हा सगळे मिळून दीड हजार सभासदही नव्हते. तिथली रचना संघासारखी. तुम्ही वर्गणी तुमच्या भागातल्या क्लबला भरता, राष्ट्रीय संस्थेला थेट नाही. आणि रस्त्यावर येऊन गाडी दुरुस्त करायची सेवा तिथे १९१५ मध्ये सेंट लुईसच्या क्लबने सुरू केली, मोटारसायकलवर माणसं पाठवून.

पण वर्गणी भरायची पद्धत काय, हा प्रश्न यायच्या आधी एक प्रश्न असतो. तुमचे पैसे घेणार का? तिथले कित्येक स्थानिक क्लब कृष्णवर्णीय माणसाला सभासद करूनच घ्यायचे नाहीत. गाडी आहे, पैसे आहेत, पण दार बंद. आणि त्या माणसाला तर रस्त्यात गाडी बंद पडण्याची भीती जास्त, कारण कुठल्या गावात रात्री थांबणं धोक्याचं हे आधी माहीत असावं लागायचं. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' काढलं. कुठे राहता येईल, कुठे जेवता येईल, कुठे गाडी दुरुस्त होईल याची यादी. क्लबची नियमपुस्तिका नशिबात नव्हती त्यांनी आपली स्वतःची काढली. यावर एक अख्खा भाग व्हायला हवा, करेन कधीतरी.

आपल्याकडे? आपण यात मागे नव्हतो, हे वाचून मी उडालोच. कोलकात्याची मोटारवाल्यांची संस्था १९०४ ची, म्हणजे एएपेक्षा वर्षभर थोरली. आणि मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. चर्चगेटला वीर नरिमन रोडवरून जाताना तिची पाटी तुम्ही पाहिली असेल, आणि बाहेरगावी... म्हणजे परदेशी गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट काढायला तुमच्यातलं कुणीतरी तिथे गेलंही असेल. गाडी बंद पडली तर मदतीला माणूस, हा तिचाही जुना उद्योग. आपल्याकडे अशा संस्थांची वर्गणी म्हणजे चेक, नाहीतर काउंटरवर जाऊन रोख आणि हातात पावती. गावाकडच्या माणसाला मनीऑर्डर होतीच, भारतीय पोस्टाकडे ती १८८० पासून. पप्पांच्या फाइलमध्ये मासिकाच्या वर्गणीच्या मनीऑर्डरचे तुकडे अजून टाचणीने टोचून ठेवलेत, मासिक कधीच बंद पडलं.

तर इथवर सगळीकडे एकच तत्त्व. पैसे सभासद पाठवतो. त्याने आठवण ठेवायची, त्याने हात हलवायचा. विसरला तर क्लबचं नुकसान, म्हणून क्लब त्याला पत्रं पाठवून आठवण करून देतो.

हे कधी उलटलं, ते मला नेमकं सांगायचंय.

मधली पायरी होती बँकेला दिलेली कायमची सूचना. इंग्रजीत स्टँडिंग ऑर्डर. 'दरवर्षी अमुक तारखेला माझ्या खात्यातून एवढे पैसे या क्लबला द्या.' एकदा सही केली की झालं. चांगली सोय, पण यात आकडा सभासदाने लिहिलेला. क्लबने वर्गणी वाढवली तरी बँक जुनाच आकडा पाठवत राहणार, कारण तिला मालकाने तेवढंच सांगितलंय. मग क्लबने प्रत्येकाला पत्र लिहायचं, की साहेब, तुमची सूचना बदला. निम्मे लोक बदलत नाहीत. महागाईच्या काळात कुठल्याही वर्गणीवाल्या संस्थेला हे परवडणारं नाही.

आता आइस्क्रीम. १९६० च्या दशकात युनिलिव्हर कंपनीला तिच्या आइस्क्रीम विक्रेत्यांकडून पैसे गोळा करायचे होते. शेकडो छोटे विक्रेते, दर वेळी रक्कम वेगळी, चेकची वाट बघायची. तिथल्या ॲलस्टेअर हँटन या माणसाने १९६४ च्या सुमारास उलटा मार्ग काढला. विक्रेत्याने पैसे पाठवायचे नाहीत. त्याने एकदा परवानगीवर सही करायची, आणि कंपनीने त्याच्या बँकेकडून रक्कम मागून घ्यायची. हेच डायरेक्ट डेबिट. आधी कागदावर चालायचं. १९६८ मध्ये ब्रिटिश बँकांनी मिळून एक कॉम्प्युटर केंद्र काढलं, पुढे बॅक्स नावाने ओळखलं गेलेलं, आणि हे व्यवहार चुंबकीय टेपवर चढले.

पैसे ढकलायच्या ऐवजी ओढायचे. आमच्या धंद्यात याला पुश आणि पुल म्हणतात. सहा दशकं झाली, मूळ कल्पना तीच आहे. मी जो कोड लिहितो तो त्या आइस्क्रीमवाल्यांच्या हिशोबाचा नातू आहे, म्हणा.

क्लबांसाठी हे वरदान ठरलं. आता सभासद विसरला तर पैसे येत राहतात. आठवण ठेवायची ती सोडून जायची असेल तर. पूर्वी काहीच केलं नाही तर तुम्ही क्लबबाहेर, आता काहीच केलं नाही तर तुम्ही आत. आळस तोच, पण त्याचा फायदा कुणाला होतो ते बदललं.

ब्रिटिशांनी याला एक चांगला लगाम मात्र लावला. डायरेक्ट डेबिटमध्ये चूक झाली तर बँक तुम्हाला पूर्ण पैसे लगेच परत देते, आधी क्लबशी भांडत बसायला सांगत नाही. युरोपात तर त्याहून सोपं. माझा कॉलेजचा मित्र म्युनिकला असतो, तो तिथल्या एडीएसी क्लबचा सभासद आहे. दोन कोटींहून जास्त सभासद असलेला अवाढव्य क्लब. त्याची वर्गणी खात्यातून ओढली जाते, आणि ओढल्यावर आठ आठवड्यांपर्यंत तो बँकेला कारण न सांगता 'परत आणा' म्हणू शकतो. मी त्याला विचारलं, कधी म्हणालास का? म्हणाला, "मला माहीतच नव्हतं की असं म्हणता येतं."

एएचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण त्यात 'सभासद' या शब्दाचीच वाट लागली. इतकी वर्षं वर्गणी भरणारा माणूस नियमाने संस्थेचा भागीदार होता. १९९९ मध्ये सभासदांनी मतदान करून ती संस्था सेंट्रिका या कंपनीला विकली, १.१ अब्ज पौंडांना. ब्रिटिश गॅसवाली सेंट्रिका. भागीदार असलेल्या सभासदांच्या वाट्याला प्रत्येकी काहीशे पौंड आले, आणि त्यानंतर ते गिऱ्हाईक झाले. पाच वर्षांनी, २००४ मध्ये, सेंट्रिकाने तीच एए गुंतवणूकदारांना १.७५ अब्जांना विकली. लोक वर्गणी तशीच भरत राहिले, त्याच डायरेक्ट डेबिटने. कुणी सही बदलायला सांगितली नाही. मला वाटतं चेक लिहायची पद्धत असती तर पहिल्याच वर्षी बऱ्याच जणांचा हात पाकिटावर पत्ता लिहिताना थांबला असता. हे माझं मत, पुरावा नाही.

आता परत खंबाटकीला येऊ.

भारतात हे सगळं आपण फार कमी वर्षांत उरकलं. आधी चेक, मग बँकेची ईसीएस, मग नॅच, मग कार्डावर 'सेव्ह' करून ठेवलेलं पेमेंट, आणि जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपे. मध्ये रिझर्व्ह बँकेने एक मोठं काम केलं, ज्याला आमच्या ऑफिसात सगळ्यांनी शिव्या घातल्या. मीपण. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू झाला की आपोआप पैसे कापायचे असतील तर आधी ग्राहकाने ओटीपी देऊन तशी परवानगी नोंदवायची, दर वेळी कापायच्या किमान २४ तास आधी त्याला कळवायचं, आणि ५,००० रुपयांच्या वर रक्कम असेल तर पुन्हा ओटीपी. ही मर्यादा पुढे जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्या ऑक्टोबरमध्ये कित्येकांची परदेशी सबस्क्रिप्शन धडाधड बंद पडली होती, आठवत असेल. आम्ही तीन आठवडे शनिवार-रविवार ऑफिसात होतो.

तेव्हा मला तो सरकारी खोडा वाटला. आज बघतो तर ते २४ तास आधीचं कळवणं म्हणजे गस्तीवाल्याचा सलाम आहे. तुझे पैसे जाणार आहेत, बघून घे.

मग माझ्या बाबतीत काय बिघडलं? एप्रिलमध्ये बँकेने माझं कार्ड बदललं. जुन्या कार्डाला जोडलेली परवानगी त्याच्याबरोबर मेली. मेमध्ये क्लबने पैसे ओढायचा प्रयत्न केला, मिळाले नाहीत. पुन्हा केला, पुन्हा नाही. तीनदा झाल्यावर मेंबरशिप बंद. मला त्यांनी कळवलं होतं का? हो, तीन ईमेल. माझ्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर, जो मी वर्षभरात उघडलेला नव्हता. गॅरेजमध्ये बसून पासवर्ड रिसेट करून उघडला. तिन्ही तिथे होती. शेवटच्याचा विषय होता, 'आम्हाला तुमची आठवण येईल'. वाचून मला कसंतरीच झालं, कारण आमच्या प्रॉडक्टच्या शेवटच्या ईमेलचा विषय जवळपास हाच आहे.

पैसे जातात तेव्हा कळवायचा नियम आहे. पैसे न गेल्यामुळे माणूस उघड्यावर पडतो तेव्हा त्याला नीट गाठून कळवायचं, हे मात्र ज्याच्या-त्याच्या टीमवर सोडलंय. आमच्या टीमने तीन ईमेल ठरवली होती. का तीन? मीटिंगमध्ये कुणीतरी तीन म्हणालं, म्हणून. आमच्याकडे त्या ग्राहकांचा आकडा एका डॅशबोर्डवर दिसतो, पैसे कापले न गेल्यामुळे नकळत गळालेले. त्या आकड्यात घाटात अडकलेलं कुणी असेल असं मला तीन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. आमचं ॲप गाण्यांचं आहे हो, घाटाशी संबंध नाही. पण एवढ्यावर सुटका करून घेता येईना.

सोमवारी मी एक छोटा बदल लिहून दिला. तिसरा प्रयत्न फसला की लगेच बंद करायचं नाही, आधी फोन नंबरवर साध्या भाषेत मेसेज, मराठीत हवा असेल तर मराठीत, आणि त्यानंतर सात दिवस थांबायचं. मॅनेजर म्हणाला, आयडिया चांगली आहे. सध्या ते काम यादीत चौदाव्या नंबरवर आहे. मी दर सोमवारी नंबर बघतो. मागच्या आठवड्यात बारावा होता, पुन्हा चौदावर गेला.

गाडीची मेंबरशिप परत घेतली. या वेळी ऑटोपे नाही. यूपीआयने एकदाच पैसे भरले, वर्षाचे. पप्पांनी पावतीची प्रिंट काढायला लावली, ती डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांबरोबर आहे. आणि पुढच्या काचेवर, फास्टॅगच्या शेजारी, त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर निळ्या पेनने तारीख लिहिलीय. अक्षर एकदम एसटीच्या रजिस्टरमधलं. सिग्नलला थांबलो की माझी नजर आपोआप तिकडे जाते.

तुमच्याकडे आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या अशा जुन्या पावत्या, बिल्ले, मनीऑर्डरचे तुकडे असतील तर त्यांचे फोटो पाठवा. पुढचा भाग टोलनाक्यांवर आहे. भेटू.